'हाऊ आर यू'च्या पुढे काय?

रविवारी गोवंडीला उतरते तेव्हा माझ्या सॅकमध्ये तीन पुस्तकं असतात. शिवाजीनगरच्या आमच्या क्लासला परवडणार त्यातलं एकच.

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आजोबांची लाडकी, पण तिच्यात सगळा भर भाषांतरावर. मर्फीचं लाल पुस्तक एकदम झकास. लोचा एवढाच, सूचनाही इंग्रजीत! उरलं रॅपिडेक्स, कपिलदेवच्या जाहिरातीवालं. मराठी अर्थ शेजारीच, म्हणून नजर तिकडेच पळते.

शेवटी जरीकाम करणाऱ्या एका ताईंनाच विचारलं, "तुम्हाला इंग्लिशमध्ये काय बोलायचंय?"

"मुलीच्या टीचरला विचारायचंय, तिला मागच्या बाकावर का बसवता?"

तिन्ही पुस्तकं चाळली. हे वाक्य कुठेच नाही. सो, रॅपिडेक्स घेतलं, पण पहिला धडा ताईंचा. शनिवारी ओपन हाऊस आहे.