लेखकाचा मृत्यू आणि मृत्यूचे वर्ष

मलकापुरातील एखाद्या अध्यापकाने बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांची निवड छापायची ठरवली, तर हक्काविषयी त्याने विचारायचे कुणाला? तो इंटरनेटकडे वळतो. तेथे 50, 60 आणि 70 वर्षे या तिन्ही मुदती सारख्याच ठामपणे सांगितलेल्या आढळतात. 70 हा युरोपातला नियम. 50 हा आपल्याच 1957 च्या कायद्याचा मूळ आकडा. रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपण्याच्या निमित्ताने 1992 च्या दुरुस्तीने तो 60 झाला.

परंतु 60 हा आकडा ठाऊक असूनही उत्तर चुकते. बहिणाबाई 1951 साली वारल्या. तेथून मोजल्यास हक्क 2011 अखेर संपतो. तथापि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली 1952 साली. जी तेव्हा प्रथमच छापली गेली, त्यांची मुदत कलम 24 नुसार मृत्यूपासून नव्हे, प्रकाशनापासून मोजायची. म्हणजे 2012 अखेर. हा फरक एका वर्षाचा आहे. कवीची वही मृत्यूनंतर तीस वर्षांनी उजेडात आली, तर तो तीस वर्षांचा होईल. शिवाय त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे 1969 साली निवर्तले, तेव्हा ती 2029 अखेरपर्यंत हक्काखाली. गाणी मोकळी, प्रस्तावना बांधलेली; ‘पुस्तक मुक्त आहे काय?’ हा प्रश्नच मुळात अपुरा.

सारा दोष इंटरनेटच्या माथी मारणे सोयीचे आहे. वस्तुतः कायद्याची संहिता कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. मात्र कायदा फक्त मोजायचे कसे ते सांगतो. कोठून मोजायचे, हे वाङ्मयेतिहासाने सांगावे लागते. नोंदवहीही निर्णायक नाही, कारण हक्काला नोंदणीची अट नाही. आणि आपली समीक्षा सूचीकार्याला कारकुनी समजते! शं. ग. दाते यांनी 1800 ते 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती सिद्ध केली; तिचा आधार घेणारे पुष्कळ, तशी कामे अंगावर घेणारे किती? ‘लेखकाचा मृत्यू’ या बार्थच्या सिद्धान्तावर आपण पानेच्या पाने लिहिली. लेखक कोणत्या साली वारला, हे नोंदवण्याची तसदी मात्र घेतली नाही.

प्रकाशकांचे तर विचारूच नये. ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही मुद्रा बिनदिक्कत उमटते. कुणाच्या स्वाधीन, कधीपर्यंत, याचा पत्ता नसतो. जुन्या संहितेचे पुनर्मुद्रण ‘प्रथमावृत्ती’ म्हणून निघते आणि मूळ प्रकाशनवर्ष गळते. परीक्षणकर्त्यांनी या पानावर आक्षेप नोंदवायला हवा. आजवर ते थेट प्रस्तावनेपासून वाचत आले आहेत.