दहांहून कमी माणसांचा दवाखाना आणि स्त्रीची सुरक्षितता

आपल्या बहुतेक सभासदांचा व्यवसाय लहान जागेत चालतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे तळमजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना, त्याला लागून औषधालय, क्वचित पंचकर्माची एखादी खोली आणि हाताखाली चार-सहा माणसे. त्यांत नावनोंदणी करणारी मुलगी असते, पुड्या बांधणाऱ्या ताई असतात, अभ्यंग करणारी परिचारिका असते आणि अनुभवासाठी येणारी विद्यार्थिनीही असते. लैंगिक छळाचा विषय निघाला की हा प्रश्न मोठ्या कंपन्यांचा व महाविद्यालयांचा, आपला दवाखाना म्हणजे घरच, असे उत्तर मिळते. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे आणि धोक्याचीही.

रुग्णसेवेच्या क्षेत्राला हा प्रश्न नवा नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या परिचारिकेवर तेथील एका पुरुष कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न व लूट यांबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. बदनामीच्या भयाने पाळलेले मौन अखेर कोणाच्या उपयोगी पडते, याचा विचार प्रत्येक वैद्याने करावा.

सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती पाळली जात नाहीत हे गाऱ्हाणे पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयापुढे नेले व २०१२ साली त्यावर निकाल झाला. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती अनिवार्य आहे. ती न नेमल्यास मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपले सभासद येथेच वाचन थांबवतात. वस्तुतः दहांहून कमी माणसे असलेल्या जागेतील स्त्रीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर तीही याच समितीकडे जाते. शिकाऊ, हंगामी वा बिनपगारी काम करणारी स्त्रीही या संरक्षणात येते. इतकेच नव्हे, तर ती तेथे नोकरीत असलीच पाहिजे असेही नाही. तक्रार लेखी व घटनेपासून तीन महिन्यांत करावयाची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात.

आता ओळखण्याविषयी. सुश्रुताचार्यांनी क्रियाकाल सांगताना संचयावस्थेतच दोष जिंकावा असा उपदेश केला आहे. येथेही तेच लागू पडते. अंगचटीला येणे, शरीरसुखाची मागणी करणे, अश्लील बोलणे, तशी चित्रे दाखवणे किंवा भ्रमणध्वनीवर पाठवणे, आणि नको असलेली अशी कोणतीही कृती, शब्द वा खूण कायद्याच्या व्याख्येत येते. ‘मी गंमत केली’ हा बचाव पुरा पडत नाही. समोरच्या स्त्रीला ते नकोसे होते की नाही, हा खरा प्रश्न. मुलगी एका विशिष्ट माणसाच्या पाळीत येण्याचे टाळू लागली, संध्याकाळी थांबायला नकार देऊ लागली किंवा कारण न सांगता काम सोडून गेली, तर मालकाने त्याची दखल घेतली पाहिजे.

आपल्या व्यवसायात एक जागा विशेष नाजूक आहे. पंचकर्माच्या बंद खोलीत परिचारिका व रुग्ण दोघेच असतात. पुरुष रुग्ण तिच्याशी अनुचित वागला, तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून तिलाच समजूत घालण्याची प्रवृत्ती दिसते. कायद्याने मात्र कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही तिला सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणून स्त्रीचा अभ्यंग स्त्रीने व पुरुषाचा पुरुषाने करावा, स्त्री रुग्णाची तपासणी दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत व्हावी, आणि अनुचित वागणाऱ्या रुग्णाचे उपचार तत्काळ थांबवावेत. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनाही हीच शिस्त असावी.

काही सभासदांना खोट्या तक्रारींची धास्ती वाटते. कायद्याने द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची सोय ठेवली आहे. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून चौकशी पुन्हा करण्यास सांगितले, कारण ती घाईने उरकली होती व आरोप असलेल्या अध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती. त्याच निकालात देशभर समित्या नेमल्या आहेत की नाही हे तपासण्याचे आदेशही दिले. नीट चौकशी दोन्ही पक्षांच्या हिताची असते, हाच त्याचा अर्थ.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावले आहे की रुग्णाच्या घरी गेल्यावर वाणी, मन व इंद्रिये रुग्णहिताखेरीज अन्यत्र जाऊ देऊ नयेत. ही शिस्त हाताखालच्या स्त्रियांच्या बाबतीतही तितकीच बंधनकारक मानावी, असे आम्हांस वाटते.

तेव्हा आमची सूचना अशी : प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात मुंबई उपनगर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता मराठीत व ठळक अक्षरांत लावावा, तोही मालकाच्या टेबलामागे नव्हे, तर स्त्रिया आपले डबे व पिशव्या ठेवतात तेथे. संघटनेने काही ज्येष्ठ वैद्य भगिनींची नावे जाहीर करावीत. एखाद्या मुलीला तक्रार लिहून काढायची असेल, तर त्या तिच्याजवळ बसतील. हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मांडला जावा. आठ हजार रुपयांच्या नोकरीसाठी कोणत्याही मुलीला मुकाट्याने सोसावे लागू नये, एवढी हमी आपण निश्चितच देऊ शकतो.