पत्रा जपायचा की पोर?

मला अठरावे सरले आणि पक्के लायसन्स हातात पडले, त्या दिवसापासून आमच्या घरात मोटारीचा विषय निघाला. मोटार हौसेची नव्हे. आजीला डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा वाईहून साताऱ्याला न्यावे लागते, आणि अण्णांना दिवेलागणीनंतर समोरून येणाऱ्या गाड्यांचा झोत सहन होत नाही. तेव्हा चालवणार मी, हे ठरलेलेच होते. प्रश्न होता गाडी कोणती घ्यायची एवढाच.

त्यावर घरातल्या, शेजारच्या आणि अण्णांच्या दुकानात येणाऱ्या यच्चयावत माणसांचे एकमत झाले. ‘पोरीला शिकायला जुनीच घ्या, ठोकली तर ठोकली!’ पुण्याच्या काकांनी लगोलग आपली २०१२ सालची छोटी गाडी देऊ केली. तिच्या दारांवर आधीच दोन-तीन पोचे होते. म्हणजे मी आणखी दोन पाडले तरी कोणाला कळणार नाही, हा तिचा मोठा गुण सांगण्यात आला.

‘ठोकली तर ठोकली’ ह्या वाक्याचा मी रात्रभर विचार केला. वाचकहो, त्यात ठोकली जाणारी फक्त गाडी आहे. आत बसलेल्या माणसांचा त्यात उल्लेखच नाही. नवशिक्याच्या हातून चूक होणार, हे सगळ्यांना मान्य. आणि तरीही जिच्यात चूक सर्वांत महागात पडेल तीच गाडी आपण त्याला देतो. पत्रा वाचतो, पोर वाचेलच असे नाही. माझा सगळा वाद एवढ्यासाठी आहे.

आता थोडे आकडे देते. प्राध्यापक मंडळींना पुराव्याशिवाय बोललेले आवडत नाही. चालकासमोर एअरबॅग असलीच पाहिजे, ही सक्ती आपल्याकडे १ जुलै २०१९ पासूनची. शेजारच्या आसनासाठी ती सगळ्या नव्या गाड्यांना २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. जोरात ब्रेक मारला तरी चाके जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणाही २०१९ च्या एप्रिलपासूनच सर्व मोटारींना आवश्यक झाली. त्याआधीच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांत ह्यांतले काहीच नसे. २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ ह्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांतल्याच फोक्सवॅगन पोलोला दोन एअरबॅगा बसवून पुन्हा आपटली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. मात्र एअरबॅग बसवली की कुठलीही गाडी तरते, असे नव्हे. पोलोचा सांगाडा मुळात मजबूत होता. सांगाडाच चेपत असेल तर नुसत्या पिशव्या काय करणार?

अण्णा म्हणाले, “आम्ही काय एअरबॅगा लावून शिकलो?” ते एका जीपवर शिकले, आणि ती साठाच्या पुढे गेली की स्वतःच कुरकुर करून चालकाला ताळ्यावर आणी. मी म्हटले, “अण्णा, तुम्ही शिकलात तो रस्ता आता राहिला कुठे? पाचवडला महामार्गावर चढले की दोन्ही बाजूंनी कंटेनर धावतात.” त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे म्हणजे निम्मा होकार असतो.

दुसऱ्या टोकाची चूक श्रीमंतांच्या घरी होते. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. ती गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, ह्यावर देशभर चर्चा झाली. (आमचे संपादक माझ्याकडून ह्या लेखाचे सातशे मागतात!) पण एवढ्या ताकदीची गाडी त्या वयाच्या मुलाच्या हाती लागावीच कशी, हा प्रश्न मला निबंधापेक्षा मोठा वाटतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. हा कायदा अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंतचा. वाढदिवसाच्या सकाळी मुलात एकाएकी शहाणपण उतरते, असे कायद्याला वाटत असावे.

आणि आपण विद्यार्थी? पसरणीच्या घाटातून पाचगणीला जाताना पाचाच्या गाडीत सात जण बसतात, गाणी मोठ्याने लागतात आणि मागून कोणीतरी ‘मार ओव्हरटेक!’ म्हणून ओरडते. मीही त्या सातांत बसले आहे, ओरडलेही आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्येच नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. तिच्या मधल्या टप्प्यात रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवण्यावर आणि सोबत माणसे नेण्यावर बंधने असतात. आपल्याकडे लायसन्स मिळाले की अख्खा वर्ग गाडीत भरायला मोकळा. म्हणून माझे मत असे, की नवशिक्याची गाडी बेताच्या इंजिनाची असावी आणि तिच्यात जितक्या जागा तितकेच पट्टे लागावेत. मागचेसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ती गाडी काही स्वस्तातली नव्हती. पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते.

शेवटी आम्ही जुनीच गाडी घेतली, पण २०२० सालची. दोन एअरबॅगा, एबीएस, लहान इंजिन आणि कोणालाच न आवडणारा विटकरी रंग. घेण्यापूर्वी मी किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते पाहिले. मुळीच न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्याइतकाच वाईट. टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते टायर सहा वर्षांचे निघाले, म्हणून चारही बदलून घेतले. पुढे लावलेला लोखंडी गार्ड काढायला लावला, तेव्हा विकणारा म्हणाला, “ताई, शो जाईल.” शो गेला.

काकांच्या गाडीपेक्षा हिला दोन लाख जास्त पडले. ते माझ्या नावावरची मुदत ठेव मोडून आले, आणि ती ठेव माझ्या लग्नासाठी होती, हे आईने मला नंतर स्वयंपाकघरात सांगितले. काका अजून थोडे नाराज आहेत.

पहिल्यांदा साताऱ्याला निघालो, तेव्हा आजी मागे बसली. पट्टा लावताना मला म्हणाली, “मला गं कशाला बांधतेस? मी काय पळून जाणार आहे?” अण्णांनी पुढच्या आसनावर आपला पट्टा लावला आणि खटका बसला की नाही ते दोनदा ओढून पाहिले.