सही जुळत नाही!

‘बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र’ असं ज्या कोणा पाककृतीवाल्याने पहिल्यांदा लिहून ठेवलं, त्याला मी एक दिवस आमच्या बँकेत सह्या ताडायला बसवणार आहे. संध्याकाळपर्यंत बँक बुडालेली असेल.

अहो, सही जुळत नाही! तमालपत्र उजेडाकडे धरा. देठाजवळून टोकाकडे तीन लांब शिरा गेलेल्या दिसतील. बे लीफ म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेलचं पान. त्याला मधोमध एकच मोठी शीर, बाकीच्या बारीक शिरा तिला फुटलेल्या. वास घ्या. आपल्याला दालचिनी-लवंगेचा, त्याला निलगिरीच्या अंगाचा. दोघं एकाच कुळातले, हे कबूल. पण चुलतभावाच्या सहीवर आम्ही पैसे देत नाही.

हे ज्ञान मला मसालेभातातून झालं. भाच्याने इटलीहून पानांचं पाकीट आणलं. आमच्या हिने पुस्तकावर विश्वास ठेवून चार पानं फोडणीत टाकली. पहिल्याच घासाला चिरंजीव म्हणाले, “आई, भाताला सर्दी झालीय का?”

तेव्हापासून मी लॉरेलचं वकीलपत्र घेतलंय. ऊन सोसणारं, पाणी कमी पडलं तरी तगणारं, कितीही छाटा पुन्हा फुटणारं झाड ते. त्याच्या पानांचा मुकुट ग्रीक विजेत्यांच्या डोक्यावर चढायचा. नोबेलवाल्यांना ‘लॉरिएट’ म्हणतात ते त्यावरूनच. अशा पानाला आम्ही तमालपत्राच्या खुर्चीवर बदली कारकून म्हणून बसवायचं?

त्याचं काम निराळं आहे हो. त्याला तापलेलं तेल नको, पाणी किंवा दूध हवं आणि सवड हवी. फ्रेंच लोक पार्स्ली आणि थाइमबरोबर त्याची जुडी दोऱ्याने बांधून रश्श्यात सोडतात आणि वाढण्याआधी दोऱ्यासकट उचलतात. (आमच्याकडे पंगत उठली की प्रत्येक ताटाच्या कडेला पानगळ!) पांढऱ्या सॉसच्या दुधात ते मुरवतात. सुके अंजीर भरताना मध्ये ही पानं घालतात. इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या रोमन कॅटोने तर शेतीच्या पुस्तकात, केक भाजताना खाली लॉरेलची पानं घाला, असं लिहून ठेवलंय.

उलटा अन्यायही तितकाच. पांढऱ्या सॉसमध्ये तमालपत्र घाला, सॉस थेट खिरीच्या वाटेला लागतो. मग नावं सॉसला!

परवा रविवारी मी स्वतः ग्रीक पद्धतीने मसूर शिजवले. कांदा, लसूण, टोमॅटो, दोन पानं, मंद आच, शेवटी ऑलिव्ह तेल आणि थोडं व्हिनेगर. पानं मोजून टाकली, मोजून काढली. कॅश टॅली झाली. हिने चमचाभर चाखून पाहिलं, मान डोलावली.

“चांगलं लागतंय,” ती म्हणाली. “पण अहो, फोडणी द्यायची राहिली की!”