मिसळ आणि भेसळ

नाशिककराला मिसळीचे महत्त्व सांगायला नको. मटकी, शेव, कांदा, रस्सा हे सारे एका ताटात एकत्र येतात आणि त्यात काय काय आहे ते खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. तेच मिश्रण चोरून केले की आपण त्याला भेसळ म्हणतो. पदार्थात पदार्थ दोन्हीकडे मिसळलेलेच. एकीकडे सांगून, दुसरीकडे लपवून, एवढाच काय तो फरक. पण या फरकासाठी आपल्या जिल्ह्यात एका अधिकाऱ्याचा प्राण गेला आहे.

आपण पेट्रोल म्हणतो ते मुळात मिश्रणच असते. तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्च्या तेलापासून अनेक घटक निघतात. एकाचा ऑक्टेन जास्त, एक लवकर उडून जाणारा, एक स्वस्त पण गंधक जास्त असलेला. हे ठरलेल्या प्रमाणात एकत्र आले, की गाडीच्या टाकीत घालण्यायोग्य पेट्रोल तयार होते. जुनी रीत अशी, की घटक एकामागून एक मोठ्या टाकीत सोडायचे, घुसळायचे, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि निकालाची वाट पाहायची. काही कमी पडले तर पुन्हा घुसळण. नव्या पद्धतीत हे मिश्रण वाहत्या नळातच होते. प्रत्येक घटकाच्या नळाला मापक आणि झडप असते. पुढे बसवलेली उपकरणे तयार मालाचे गुणधर्म सतत वाचतात आणि संगणक त्याप्रमाणे झडपा कमी-अधिक उघडतो. माल वाहत असतानाच थोडा थोडा नमुना बाटलीत जमा होतो, त्याची तपासणी होते आणि त्या खेपेला दाखला मिळतो. गुण कमी पडले तर माल नापास, आणि गरजेपेक्षा जास्त दिले तर कारखान्याचे नुकसान. त्यामुळे काटेकोरपणा सचोटीइतकाच हिशेबातूनही येतो. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकानुसार दहा लाख भागांत गंधक 10 भागांपेक्षा जास्त चालत नाही. त्याआधीच्या मानकात हीच मर्यादा 50 होती.

दाखला इतका चोख असताना काळजी कशाची? माझी हयात बँकेत गेली. सोनेतारण कर्जात सराफ सोने पारखून दाखला देतो, पण तेवढ्यावर कोणी विसंबत नाही. दागिने पिशवीत जातात, पिशवीला सील लागते, तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे राहतात. दाखला सांगतो, की त्या दिवशी सोने खरे होते. आजही तेच सोने पिशवीत आहे, हे सांगते ते सील.

इंधनाचेही तसेच आहे. मुंबईच्या माहुलमधून निघालेले पेट्रोल-डिझेल 252 किलोमीटरच्या वाहिनीतून सह्याद्री ओलांडून मनमाडजवळच्या पानेवाडीला येते. एकाच नळातून आधी एक इंधन, मागून दुसरे, असा प्रवास असतो. दोहोंच्या सीमेवर जो थोडा माल एकमेकांत मिसळतो, तो ओळखून बाजूला काढतात. इथपर्यंत सारे यंत्रांच्या नजरेखाली. पानेवाडीच्या डेपोतून टँकर बाहेर पडला की मात्र माल रस्त्यावर येतो. पुढे सील, चालक, ढाबा, पंप आणि माणसाची नियत.

रेशनच्या रॉकेलवर मोठे अनुदान होते तेव्हा ते डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडे. एका लिटरमागचा हा फरक म्हणजे भेसळीचे भांडवल. रॉकेलला निळा रंग दिला, तरी तो काढून टाकणारे निघाले. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडकडून जात होते. पानेवाडीजवळ रस्त्याकडेला टँकरमधून चाललेला गैरप्रकार त्यांना दिसला. ते थांबले, चौकशी करू लागले. भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्याआधी 2005 साली उत्तर प्रदेशात मंजुनाथ षण्मुगम या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्यालाही पंपावरील भेसळ रोखल्याबद्दल गोळ्या घालून मारले होते. दोघांनीही केले एवढेच, की कागदावरचा दाखला रस्त्यावर खरा आहे का, हे पाहिले.

2020 पर्यंत रॉकेलवरचे अनुदान संपले आणि त्या जुन्या भेसळीचा नफा आटला. आता प्रश्न वेगळ्या रूपात समोर आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग 2001 साली ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि बरेलीबरोबर आपले मनमाडही होते. 2022 साली हे प्रमाण 10 टक्क्यांवर गेले, 2025 साली 20 टक्क्यांवर. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून ते लांबच्या वाहिनीतून न पाठवता डेपोतच मिसळतात. यामुळे ऊस आणि मक्याला गिऱ्हाईक मिळाले, परदेशी तेलाची गरज तेवढी कमी झाली. धोरण म्हणून मला ते पटते. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या रचनेच्या चारचाकीचे मायलेज 6 ते 7 टक्के आणि दुचाकीचे 3 ते 4 टक्के घटेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटले होते. ज्याची स्कूटर दहा वर्षांची आहे, त्याला हे पंपावर, त्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत कळायला हवे. पावतीवर लिटर आणि रुपयांशेजारी इथेनॉलचे प्रमाण छापायला कितीशी शाई लागेल? सरकारी शिक्क्याची मिसळ झाली तरी ती सांगूनच केली पाहिजे. नाहीतर ग्राहकाच्या मनात तिची भेसळ होते आणि चांगले धोरणही बदनाम होते.

आणि आपण? पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा, घनता तपासून पाहण्याचा, पाच लिटरच्या मापाने माप पडताळण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. पुसलेल्या नोझलमधून कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत उडून जाते, डाग राहिला तर संशयाला जागा आहे. या चाचणीत प्रत्येक भेसळ सापडत नाही. हलके द्रावण मिसळले असेल तर डाग पडणारही नाही, तिथे घनताच पाहावी लागते. पंपावर नोंदलेल्या आकड्याशी ती घन मीटरला 3 किलोच्या आत जुळली पाहिजे. तरीही विचारणारा कोणी आहे, एवढे कळले तरी विकणाऱ्याचा हात आखडतो. बँकेत निम्मी सचोटी तपासणी येणार या धाकाने टिकते, बाजार याला अपवाद कसा असेल?

पण आपल्याला विचारण्याचाच संकोच. मागे गाड्या थांबलेल्या, कोणीतरी हॉर्न वाजवतो, कागद मागणारा माणूस खडूस ठरतो. पानेवाडीच्या रस्त्यावर सोनवणे थांबले ते सगळा धोका पत्करून. आपल्याला थांबायचे आहे ते फक्त दोन मिनिटे, तेही रांगेत.