नळ कुणी निवडला?

कळंबला (ता. इंदापूर) एका नव्या घरकुलात बचत गटाची बैठक होती. चहाचे कप विसळून घरातली ताई बाहेर आली, तेव्हा तिची साडी पोटापासून गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. आत जाऊन पाहिलं, तर नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

‘‘नळ कुणी आणला?’’

‘‘मालकांनी. मिस्त्रीनं सांगितला तो.’’

‘‘तुम्हाला विचारलं नाही?’’

‘‘मला कोण विचारतंय, मॅडम!’’

प्रधानमंत्री आवास योजनेत घर शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. नळ मात्र ठरवतात मालक आणि मिस्त्री. त्या नळाखाली दोघांपैकी कुणीच भांडी घासत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६! मग ओली साडी, पायाच्या चिखल्या, निसरडी फरशी कुणाच्या वाट्याला येणार?

वर बोल बाईलाच : ‘‘जरा हळू सोडावा नळ.’’ मैत्रिणींनो, हा आपला वेंधळेपणा नाही. धार जितकी उंचावरून आणि जोरात पडते, तितकी ती उसळते. गच्चीवर टाकी, भिंतीत उंच लावलेला नळ, खाली उथळ, सपाट तळाचं सिंक. पाणी तळावर आदळतं आणि ओट्याला टेकून उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर येतं.

तेव्हा नळ घेताना तीन गोष्टी पाहा. एक, उंची. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं सिंकमध्ये ठेवा. ते नळाखालून सहज निघेल एवढीच उंची ठेवायला मिस्त्रीला सांगा. दोन, तोंड. जाळीच्या तोंडाचा नळ मागा, दुकानात त्याला ‘फोम फ्लो’ म्हणतात. जाळीमुळे धारेत हवा मिसळते, धार मऊ पडते. फडकं बांधून आपण हेच साधत आलो, पण फडकं घाण धरतं. पाणी क्षाराचं असेल तर जाळी भरते, म्हणून ती फिरवून काढता येते का, हे दुकानातच बघा. टाकी बुटकी असेल तर धार फार बारीक होईल, हेही ध्यानात ठेवा. तीन, नळी. आखूड बिब कॉकपेक्षा लांब, फिरत्या नळीचा सिंक कॉक बरा. धार सिंकच्या मधोमध पडली पाहिजे, कडेला नाही.

नवा नळ परवडत नसेल, तर पाइपवर एक कॉक बसवून पाण्याचा जोर बेताचा करून ठेवता येतो.

‘नळाचं काय घेऊन बसलात? हुंडा, मारहाण, मजुरी हे प्रश्न संपले का?’ असं कुणी म्हणेल. नाही संपले. पण ज्या घरात बाईला नळसुद्धा विचारून आणला जात नाही, तिथे जमिनीचं आणि मुलीच्या लग्नाचं तिला विचारतील, ही आशा कशाच्या जोरावर धरायची?

म्हणून पुढच्या वेळी हार्डवेअरच्या दुकानात आपण जायचं. मालक म्हणाले, ‘‘त्यात काय एवढं?’’ तर वाद घालू नका. आठ दिवस भांडी त्यांना घासू द्या. नवव्या दिवशी नळ बदललेला असेल.

आणि नळ बदलल्यावरही त्यांना तिथून हलू देऊ नका.