विश्लेषण : ‘७७७’ हा उपाय की पळवाट?

सर्व्हर लिनक्सवर आणि टेबलांवरचे संगणक विंडोजवर, अशी मांडणी अनेक कार्यालयांत असते. सामायिक फोल्डरमधली फाइल दिसते, पण उघडायला जावे तर ‘परवानगी नाही’. वैतागलेला तंत्रज्ञ ‘७७७’ देऊन फोल्डर सगळ्यांना खुले करतो. काम सुरू होते, मूळ दुखणे तसेच राहते.

नेमके अडते कुठे?

युनिक्स कुळातील यंत्रणा फाइलचा मालक नावाने नव्हे, आकड्याने नोंदवते. ‘रूट’चा आकडा ०. विंडोजच्या डोमेनमध्ये मात्र प्रत्येकाला ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक सुरक्षा-क्रमांक असतो. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ‘सांबा’. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो घडवला. कोणत्या सुरक्षा-क्रमांकाला कोणता आकडा, याची जुळणी तो करतो.

गोंधळ या जुळणीतच होतो. ‘टीडीबी’ पद्धतीत जो आधी येईल त्याला पुढचा आकडा मिळतो. त्यामुळे एकाच कर्मचाऱ्याचा आकडा दोन सर्व्हरवर वेगवेगळा असू शकतो. जुन्या सर्व्हरवरच्या फायली आकड्यांसह नव्यावर हलवल्या, की पगारपत्रकाचा मालक भलताच कुणी ठरतो. म्हणजे ज्याला हवे त्याला मिळत नाही, ही अर्धीच तक्रार झाली. ज्याला मिळू नये त्याला मिळते, याची तक्रार कोण करणार? ‘आरआयडी’ पद्धत सुरक्षा-क्रमांकाच्या शेवटच्या भागावरून आकडा काढते. मांडणी सारखी ठेवली तर प्रत्येक सर्व्हरवर उत्तर एकच येते.

सगळे खुले केले तर बिघडते काय?

वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, मिळून ७. ते मालक, गट आणि इतर या तिघांनाही दिले की ७७७. मे २०१७ मध्ये सांबातील एक गंभीर त्रुटी उघड झाली. ती २०१० च्या ३.५.० आवृत्तीपासून होती. लिहिण्याची मुभा असलेल्या सामायिक फोल्डरमध्ये घातक फाइल टाकून सर्व्हरवर ताबा मिळवणे तिच्यामुळे शक्य होते. दुरुस्ती लगेच आली, पण तोवर खुली फोल्डरे म्हणजे आयतेच दार होते.

मग करायचे काय? आधी ‘आयडी’ आज्ञेने त्या वापरकर्त्याचा आकडा दोन्ही सर्व्हरवर पाहावा. तो जुळत नसेल तर परवानग्यांना हात लावू नये, जुळणी सुधारावी आणि मगच फायलींची मालकी बदलावी. आकडा जुळत असेल तर सामायिक फोल्डरची आणि खुद्द फाइलची परवानगी अशा दोन्ही पातळ्या तपासाव्यात. त्यांतली कडक असेल तीच चालते. विभागाच्या फोल्डरला ‘२७७०’ दिले की आत तयार होणारी नवी फाइल विभागाच्याच गटात जाते आणि बाहेरच्यांना दार बंद राहते. तंत्रज्ञाला यासाठी अर्धा दिवस लागला, तर साहेबांनी तो द्यावा.